खालच्या विभागातला स्ट्रायकर वर कसा चढतो : रिकी लॅम्बर्टच्या कारकिर्दीवरून एक उत्तर

कोल्हापूरच्या एका तरुण फॉरवर्डने (फुटबॉलमधल्या आघाडीच्या खेळाडूने) विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. तो तेवीस वर्षांचा असून तालीम मंडळाच्या संघाकडून कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची (केएसए) लीग खेळतो. गेल्या मोसमात त्याने भरपूर गोल केले आणि आता त्याच्यासमोर दोन क्लबांचे प्रस्ताव आहेत. पहिला क्लब आय-लीगमधला आहे, पण तिथे आघाडीला परदेशी खेळाडू ठरलेले असल्याने सुरुवातीला बाकावर बसावे लागेल. दुसरा क्लब त्याखालच्या विभागातला आहे आणि त्याचे प्रशिक्षक त्याला पहिल्या सामन्यापासून मुख्य स्ट्रायकर, म्हणजे गोल करण्याची मुख्य जबाबदारी असलेला फॉरवर्ड म्हणून खेळवायला तयार आहेत. मित्र त्याला सांगत आहेत की इंग्लंडचे स्ट्रायकर जेमी वार्डी आणि रिकी लॅम्बर्ट खालूनच वर गेले, तेव्हा मोठ्या क्लबची संधी सोडू नकोस. खालच्या विभागांतून सुरुवात करणाऱ्या स्ट्रायकरची कारकीर्द प्रत्यक्षात कशी घडते आणि या दोन प्रस्तावांपैकी कोणता घ्यावा, असे त्याने विचारले आहे.

मी स्वतः मुंबईच्या स्थानिक लीगमध्ये फॉरवर्ड म्हणून खेळलो आणि त्यानंतरचा सगळा काळ आघाडीच्या खेळाडूंना शिकवण्यात गेला. माझे उत्तर स्पष्ट आहे : दुसरा क्लब घ्या. त्याचे कारण मात्र सविस्तर सांगावे लागेल, कारण तुमच्या मित्रांनी जी नावे घेतली त्यांतले लॅम्बर्टचे नाव नीट तपासले तर ते त्यांच्या सल्ल्याच्या अगदी उलट साक्ष देते.

आधी इंग्लंडची रचना समजून घेऊ. प्रीमियर लीगमध्ये २० क्लब असतात. त्याखाली चॅम्पियनशिप, लीग वन आणि लीग टू असे तीन विभाग असून प्रत्येकात २४ क्लब आहेत आणि प्रत्येक क्लबला एका मोसमात ४६ लीग सामने खेळावे लागतात. त्याखाली नॅशनल लीग आणि तिच्याखाली प्रादेशिक लीगांचे अनेक थर आहेत. मोसमाअखेर वरचे काही क्लब पुढच्या विभागात जातात आणि खालचे काही घसरतात. या चढउताराचा स्ट्रायकरच्या आयुष्याशी किती जवळचा संबंध असतो, ते पुढे येईलच.

रिकी लॅम्बर्टचा जन्म १९८२ मध्ये लिव्हरपूलजवळच्या कर्बी गावात झाला. दहाव्या वर्षी तो लिव्हरपूलच्या अकादमीत दाखल झाला आणि पंधराव्या वर्षी क्लबने त्याला सोडून दिले. त्यानंतर ब्लॅकपूलने त्याला घेतले, पण वरिष्ठ संघाचे मोजकेच सामने त्याच्या वाट्याला आले आणि तिथूनही त्याला निरोप मिळाला. काही महिने त्याला क्लबच नव्हता. त्या काळात त्याने बिटाच्या लोणच्याच्या कारखान्यात बरण्यांना झाकणे लावण्याचे काम केले. तेव्हा त्याचे वय जेमतेम एकोणीस होते. २००१ मध्ये चौथ्या थरातल्या मॅकल्सफील्ड टाउन या लहान क्लबने त्याला करार दिला. तो त्या वेळी पूर्ण वेळचा स्ट्रायकर नव्हता, मध्यफळीतही खेळायचा. पुढे त्याच्या खेळात जे गुण दिसले त्यांचे मूळ मला या काळात दिसते, आणि त्याकडे मी परत येणार आहे.

मॅकल्सफील्डकडे त्याने एकच पूर्ण मोसम काढला. २००२ मध्ये वरच्या थरातल्या स्टॉकपोर्ट काउंटीने ३ लाख पौंड मोजून त्याला विकत घेतले. मॅकल्सफील्डसारख्या क्लबसाठी ही फार मोठी रक्कम होती आणि खेळाडूसाठीही ही बढतीच होती. पण तिथल्या पहिल्या मोसमात त्याला लीगमध्ये केवळ दोन गोल करता आले. दुसऱ्या मोसमात १२ झाले, तिसऱ्यात पुन्हा ओहोटी लागली. स्टॉकपोर्टकडून ९८ लीग सामन्यांत १८ गोल असा त्याचा एकूण हिशेब राहिला. एखाद्याची किंमत ३ लाख पौंड लागली, की पुढच्या शनिवारपासून प्रेक्षक त्या रकमेचे गोल मागू लागतात. संघ मात्र तोच असतो, खेळण्याची पद्धतही तीच असते आणि नव्या मुलाला हव्या त्या जागी चेंडू देण्याची सवय कोणालाच नसते.

फेब्रुवारी २००५ मध्ये लॅम्बर्ट एक थर खाली उतरला आणि रॉचडेलकडे गेला. मला त्याच्या कारकिर्दीतला हा सगळ्यांत महत्त्वाचा निर्णय वाटतो, जरी वर्तमानपत्रांनी त्याची फारशी दखल घेतली नसेल. प्रशिक्षक स्टीव्ह पार्किन यांनी त्याला आघाडीला ठेवले आणि त्याची जागा हलवली नाही. २००५–०६ च्या मोसमात तो लीगचे सगळे ४६ सामने खेळला आणि त्याने २२ गोल केले. त्या मोसमाच्या पहिल्या अर्ध्यात त्याच्या जोडीला ग्रँट होल्ट नावाचा दुसरा स्ट्रायकर होता, जो आधी टायरच्या कारखान्यात काम करत होता आणि काही काळ सिंगापूरमध्येही खेळून आला होता. इंग्लंडच्या चौथ्या थरातल्या, फारशी गर्दी न होणाऱ्या मैदानावर खेळणारी ही जोडी. पुढे होल्टने २०११–१२ मध्ये नॉर्विचकडून प्रीमियर लीगमध्ये १५ गोल केले आणि लॅम्बर्टने २०१२–१३ मध्ये साउदॅम्प्टनकडून तितकेच. त्या वेळी रॉचडेलचे सामने पाहणाऱ्या मोठ्या क्लबांच्या निरीक्षकांनी या दोघांची गोलसंख्या निश्चितच टिपली असणार, पण दोघांपैकी कोणीही तिथून थेट प्रीमियर लीगमध्ये गेला नाही. लीग टूमधल्या २२ गोलांवरून वरच्या विभागात किती गोल होतील हे सांगता येत नाही, हे निरीक्षकांना पक्के ठाऊक असते.

ऑगस्ट २००६ मध्ये ब्रिस्टल रोव्हर्सने त्याला सुमारे २ लाख पौंडांना घेतले. रोव्हर्सही तेव्हा लीग टूमध्येच होते, म्हणजे ही बदली सपाटीवरची होती. पहिल्या मोसमात त्याचे लीगमध्ये आठच गोल झाले, पण २००७ मध्ये संघ प्लेऑफ (बढतीची शेवटची जागा ठरवणारे सामने) जिंकून लीग वनमध्ये गेला आणि लॅम्बर्टही त्याच्यासोबत वर गेला. दुसऱ्या मोसमात १४ गोल आणि तिसऱ्यात, २००८–०९ मध्ये, २९ गोल असा आलेख चढत गेला, आणि तो स्विंडनच्या सायमन कॉक्ससोबत लीग वनमध्ये संयुक्तपणे सर्वाधिक गोल करणारा ठरला. मधल्या काळात, फेब्रुवारी २००८ मध्ये, एफए कप या सगळ्या थरांतल्या क्लबांच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेच्या पाचव्या फेरीत रोव्हर्सने साउदॅम्प्टनला १–० असे हरवले आणि तो एकमेव गोल लॅम्बर्टच्या फ्री किकवर झाला.

मग साउदॅम्प्टन. २००९ च्या उन्हाळ्यात हा क्लब चॅम्पियनशिपमधून घसरून लीग वनमध्ये आला होता, आर्थिक दिवाळखोरीमुळे त्याचे दहा गुण कापले गेले होते आणि मार्कुस लीबहेर यांनी तो नुकताच विकत घेतला होता. लॅम्बर्टसाठी क्लबने १० लाख पौंडांहून अधिक रक्कम मोजल्याचे तेव्हा सांगितले गेले. लक्षात घ्या, सत्ताविसाव्या वर्षी झालेली ही बदलीसुद्धा लीग वनमधून लीग वनमध्येच होती. पहिल्याच मोसमात त्याने लीगमध्ये ३० आणि सगळ्या स्पर्धा मिळून ३६ गोल केले, आणि मार्च २०१० मध्ये वेम्बलीवर कार्लाइलला ४–१ असे हरवून संघाने फुटबॉल लीग ट्रॉफी जिंकली. २०१०–११ मध्ये २१ गोल आणि बढती, २०११–१२ मध्ये चॅम्पियनशिपमध्ये २७ गोल आणि पुन्हा बढती. २०१२–१३ मध्ये प्रीमियर लीगमधले पहिलेच वर्ष आणि १५ गोल. १४ ऑगस्ट २०१३ रोजी, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, तो वेम्बलीवर स्कॉटलंडविरुद्ध बदली खेळाडू म्हणून मैदानात उतरला आणि इंग्लंडकडून खेळताना चेंडूला झालेल्या पहिल्याच स्पर्शाने, लेटन बेन्सच्या कॉर्नरवर हेडरने, त्याने विजयी गोल केला. २०१४ च्या विश्वचषकाच्या संघातही तो होता.

त्याच वर्षी त्याच्या बालपणीच्या क्लबने, लिव्हरपूलने, सुमारे ४० लाख पौंडांना त्याला परत बोलावले. गुणतालिकेत दुसऱ्या क्रमांकावर आलेल्या आणि चॅम्पियन्स लीग खेळणाऱ्या क्लबकडे झालेली ही बढती होती. कोणत्याही खेळाडूला नाकारता येणार नाही अशी ही संधी होती आणि त्याने ती घेतली याबद्दल त्याला दोष देता येणार नाही. पण तिथे तो पहिल्या पसंतीचा स्ट्रायकर नव्हता. संपूर्ण मोसमात लीगमध्ये त्याचे दोनच गोल झाले. त्यानंतर वेस्ट ब्रॉमविच आणि कार्डिफ असा प्रवास करून ऑक्टोबर २०१७ मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली.

आता ही सगळी वाट एकत्र पाहा. लॅम्बर्टने आपल्या क्लबपेक्षा वरच्या क्लबकडे एकट्याने उडी मारली ती दोनदा, २००२ मध्ये स्टॉकपोर्टकडे आणि २०१४ मध्ये लिव्हरपूलकडे, आणि दोन्ही वेळा गोल आटले. त्याच्या गोलांना बहर आला तो खाली किंवा सपाटीवर गेल्यावर, म्हणजे रॉचडेल, रोव्हर्स आणि साउदॅम्प्टनकडे. रॉचडेलनंतर चौथ्या थरातून पहिल्या थरात तो चढला खरा, पण एकाही थराची ती चढण त्याने बदलीच्या करारावर सही करून चढली नाही. एकदा रोव्हर्स चढले, दोनदा साउदॅम्प्टन चढले, आणि तो त्यांच्या आघाडीला उभा होता. ज्या क्लबचा खेळ त्याच्याभोवती रचलेला होता, त्या क्लबसोबत तो वर गेला.

हा केवळ एका माणसाच्या बाबतीतला योगायोग आहे असे कोणी म्हणू शकेल, म्हणून आणखी दोन नावे देतो. ग्रँट होल्ट रॉचडेलहून २००६ मध्ये एक थर वर नॉटिंगहॅम फॉरेस्टकडे गेला आणि तिथे त्याचा जम बसला नाही. पुढे तो पुन्हा लीग टूमध्ये श्रूजबरीकडे उतरला, तिथे गोलांचा धडाका लावला, मग लीग वनमध्ये घसरलेल्या नॉर्विचकडे गेला आणि लागोपाठ दोन बढत्या मिळवत त्या क्लबसोबत प्रीमियर लीगमध्ये पोचला. दुसरे नाव आदेबायो अकिनफेन्वाचे. तोही १९८२ चाच. लिथुआनियातल्या अटलांटास क्लबपासून सुरुवात करून तो इंग्लंडच्या खालच्या विभागांत असंख्य क्लब फिरला आणि त्याच्या प्रचंड शरीरयष्टीमुळे सगळ्यांच्या ओळखीचा झाला. वयाच्या अडतिसाव्या वर्षी तो चॅम्पियनशिपमध्ये खेळला, कारण ज्या वायकम वॉन्डरर्सकडे तो २०१६ पासून होता, तो क्लब २०१८ मध्ये लीग टूमधून आणि २०२० मध्ये लीग वनमधून वर आला. चॅम्पियनशिपच्या कोणत्या दुसऱ्या क्लबने त्या वयाच्या अकिनफेन्वाला विकत घेतले असते?

जेमी वार्डीची गोष्ट वेगळी आहे हे मान्य करायला हवे. शेफील्ड वेन्सडेने किशोरवयात सोडलेला हा मुलगा स्टॉक्सब्रिज पार्क स्टील्सकडून आठवड्याला ३० पौंडांवर खेळत होता आणि सोबत वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात काम करत होता. तिथून हॅलिफॅक्स, मग फ्लीटवूड, आणि २०१२ मध्ये पाचव्या थरातून थेट दुसऱ्या थरातल्या लेस्टरकडे, तेही १० लाख पौंडांना. तुमचे मित्र ज्या उडीबद्दल बोलतात ती हीच. मात्र लेस्टरमधल्या पहिल्या मोसमात त्याने लीगमध्ये फक्त चार गोल केले आणि फुटबॉल सोडण्याचा विचार त्याच्या मनात आला होता, हे त्याने स्वतः पुढे सांगितले आहे. प्रशिक्षक नायजेल पिअरसन यांनी त्याला धीर दिला आणि क्लबने वाट पाहिली. दुसऱ्या मोसमात १६ गोल झाले, लेस्टर चॅम्पियनशिप जिंकून वर गेले, आणि २०१५–१६ मध्ये वार्डीच्या २४ गोलांसह क्लब प्रीमियर लीगचा विजेता ठरला. म्हणजे तीन थरांची उडी मारल्यानंतरही शेवटच्या टप्प्याला वार्डी क्लबसोबतच चढला. आणि चार गोलांच्या मोसमानंतर वाट पाहणारा क्लब सगळ्यांना मिळत नाही. बहुतेक स्ट्रायकरांना अशा मोसमानंतर उसनवारीवर दुसऱ्या क्लबकडे पाठवले जाते, आणि मे महिन्यात कोणाला ठेवायचे आणि कोणाला सोडायचे याची यादी निघते तेव्हा त्यांचे नाव सोडलेल्यांत असते. इंग्लंडमधले बहुतेक करार ३० जूनला संपतात. खालच्या विभागांत ते अनेकदा एका वर्षाचे असतात, त्यामुळे तिथल्या स्ट्रायकरला दर उन्हाळ्यात घरभाड्याची आणि मुलांच्या शाळेची चिंता नव्याने करावी लागते.

आता खेळाकडे वळू, कारण योग्य क्लब निवडणे हा उत्तराचा अर्धाच भाग झाला. वरच्या विभागात कोणते गुण टिकतात? माझ्या अनुभवात वेग टिकतो, कारण वेगाला कोणत्याही थरावर पूर्ण उतारा नसतो, आणि वार्डीचे यश बहुतांशी त्याच्या वेगावर उभे आहे. चेंडूचा पहिला स्पर्श टिकतो. निव्वळ ताकद मात्र टिकत नाही, कारण एक थर वर गेले की समोरचा सेंटर-बॅक (मधला बचावपटू) तुमच्याइतकाच ताकदवान असतो आणि शिवाय जागा ओळखण्यात तुमच्या पुढे असतो. हवेतले चेंडू जिंकून गोल करणाऱ्या खालच्या विभागातल्या स्ट्रायकरचे आकडे वर गेल्यावर कोसळतात ते यामुळे.

लॅम्बर्टकडे वेग कधीच नव्हता. त्याच्याकडे होता तो मध्यफळीतल्या खेळाडूचा पाय. साउदॅम्प्टनचे जुने सामने पाहिलेत तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसेल. चेंडू मागून येतो, लॅम्बर्ट गोलकडे पाठ करून बचावफळीपासून दहा-बारा पावले मागे सरकतो, सेंटर-बॅक त्याच्या मागे यावे की न यावे या पेचात सापडतो, आणि तेवढ्यात लॅम्बर्ट चेंडू पायावर थांबवून बाजूने धावणाऱ्या सहकाऱ्याकडे लांब पास देतो आणि मग सावकाश, कोणाचे लक्ष नसताना, गोलसमोरच्या बॉक्सच्या कडेवर पोचतो. अ‍ॅडम लॅलाना आणि इतर तरुण खेळाडूंना त्याच्यामुळे मोकळी जागा मिळत असे. संघ चढत गेला तरी हे कौशल्य निकामी झाले नाही, उलट सोबतचे खेळाडू सुधारल्याने त्याच्या पासची किंमत वाढत गेली. मॅकल्सफील्डमध्ये मध्यफळीत काढलेले दिवस त्याच्या कामी आले असे मी म्हणतो ते या अर्थाने.

गोलकडे पाठ करून चेंडू घेणे ही आपल्याकडच्या फॉरवर्डची सगळ्यांत कच्ची बाजू आहे, म्हणून ती जरा जवळून सांगतो. गोलकीपरने लांब मारलेला चेंडू छातीच्या उंचीवर येत आहे आणि तुमच्या पाठीला सेंटर-बॅक लागलेला आहे, असे समजा. आपली मुले चेंडूकडे सरळ तोंड करून, दोन्ही पाय एका रेषेत ठेवून उभी राहतात, आणि मागून हलका धक्का बसला तरी तोल जातो. शरीर आडवे हवे. एक खांदा चेंडूकडे, दुसरा प्रतिस्पर्ध्याकडे, गुडघे वाकलेले, आणि मागच्या बाजूचा हात त्याच्या छातीपाशी, ढकलण्यासाठी नव्हे तर तो कुठे आहे हे कळण्यासाठी. चेंडू यायच्या आधी किमान दोनदा मान वळवून मागे पाहायचे. चेंडू छातीवर घेतल्यावर तो समोर पडू न देता दूरच्या पायाकडे उतरवायचा, म्हणजे प्रतिस्पर्धी आणि चेंडू यांच्या मधे तुमचे शरीर राहते. हा सराव कंटाळवाणा आहे आणि त्यात गोलच नसल्यामुळे फॉरवर्ड मुले तो टाळतात. तुम्ही टाळू नका.

पेनल्टीबद्दलही सांगायला हवे. साउदॅम्प्टनकडून लॅम्बर्टने ३४ पेनल्टी घेतल्या आणि ३४ च्या ३४ गोलमध्ये घातल्या. त्या क्लबकडून २३५ सामन्यांत त्याचे एकूण ११७ गोल आहेत, म्हणजे जवळपास तीस टक्के गोल पेनल्टीवरचे. काहींना यात कमीपणा वाटतो, मला वाटत नाही. लांबलचक मोसमात प्रत्येक स्ट्रायकरवर सात-आठ सामने कोरडे जाण्याची वेळ येते, आणि त्या काळात संघाची पेनल्टी ज्याच्या नावावर आहे त्याचे खाते पूर्ण थांबत नाही, त्याची संघातली जागाही टिकते. नव्या क्लबकडे गेल्यावर पहिल्याच आठवड्यात प्रशिक्षकांना विचारा की पेनल्टी कोण घेतो, आणि रोज सराव संपल्यावर, पाय थकलेले असताना, त्या मारण्याचा परिपाठ ठेवा.

शरीराच्या बाबतीत लॅम्बर्टची कारकीर्द आणखी एक गोष्ट दाखवते. साउदॅम्प्टनमध्ये आल्यावर प्रशिक्षक अ‍ॅलन पार्ड्यू यांनी त्याच्या वजनाबद्दल आणि तंदुरुस्तीबद्दल त्याला स्पष्ट शब्दांत सुनावले. आधीच्या मोसमात २९ गोल केलेल्या खेळाडूला हे ऐकवणे सोपे नसते, आणि ऐकून घेणेही नसते. त्याने ऐकले, आहार आणि व्यायाम बदलला, आणि सत्ताविसाव्या वर्षानंतर त्याच्या आयुष्यातली सर्वोत्तम पाच वर्षे आली. मोसमाला ४६ लीग सामने, वर चषकांचे सामने, हिवाळ्यात चिखल झालेली मैदाने आणि शनिवारनंतर मंगळवारी पुन्हा सामना, हे सगळे पेलणारे शरीर असेल तरच बाकीच्या गुणांना अर्थ राहतो.

आता तुमच्याकडे येतो. आपल्याकडची सगळ्यांत मोठी अडचण सामन्यांच्या संख्येची आहे. लॅम्बर्टने रॉचडेलच्या एका मोसमात जेवढे लीग सामने खेळले तेवढे आपल्याकडे आय-लीगच्या दुसऱ्या विभागातल्या खेळाडूला दोन-तीन मोसमांतही मिळत नाहीत, कारण तिथे एका क्लबच्या वाट्याला मोसमाला अनेकदा वीस सामनेसुद्धा येत नाहीत. स्ट्रायकर सामन्यांतच घडतो. बचावपटूची चाल ओळखणे, बॉक्समध्ये अर्धा सेकंद आधी निघणे, चुकलेल्या संधीनंतर पुढच्या संधीसाठी मन ताळ्यावर ठेवणे, या गोष्टी सरावात शिकवता येतात पण मुरतात त्या खऱ्या सामन्यात. आधीच दुर्मीळ असलेले हे सामने बाकावर बसून घालवणे तुम्हाला तेविसाव्या वर्षी परवडणारे नाही. परदेशी फॉरवर्ड असलेल्या क्लबमध्ये भारतीय स्ट्रायकरला बहुतेक वेळा शेवटची दहा-पंधरा मिनिटे मिळतात किंवा त्याला विंगला ढकलले जाते. दोन मोसम असे गेले की पंचविसाव्या वर्षी तुमच्याकडे दाखवायला मोठ्या क्लबची जर्सी असेल, पण स्ट्रायकर म्हणून खेळलेले सामने नसतील.

तुम्ही कदाचित अनिकेत जाधवचे उदाहरण द्याल. कोल्हापूरच्याच या फॉरवर्डने २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताचे प्रतिनिधित्व केले, आणि तुमच्या गावाला त्याचा अभिमान वाटणे योग्यच आहे. पण तो लहान वयातच क्रीडा प्रबोधिनी आणि राष्ट्रीय शिबिरांच्या मार्गाने पुढे गेला. तो मार्ग तुमच्या वयाला आता उपलब्ध नाही. तुमचा मार्ग लॅम्बर्टच्या मार्गाच्या जवळचा आहे, आणि त्या मार्गावर कोणत्या संघाची आघाडी तुमच्या हाती आहे हेच सगळ्यांत महत्त्वाचे ठरते. सुदैवाने आता आपल्याकडेही क्लबसोबत वर चढणे शक्य आहे. २०२२–२३ ची आय-लीग जिंकून पंजाबचा क्लब आयएसएलमध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीग या देशातल्या सर्वांत वरच्या लीगमध्ये गेला, आणि मैदानावरच्या कामगिरीच्या जोरावर मिळालेली ती पहिलीच बढती होती.

पोटापाण्याचा विचारही झाला पाहिजे. पूर्वी मुंबईत चांगल्या फॉरवर्डला एअर इंडिया, ओएनजीसी, रेल्वे किंवा बँकेत खेळाडू म्हणून नोकरी मिळायची, त्यामुळे खेळ संपल्यावर महिन्याचा पगार चालू राहायचा. महिंद्र युनायटेडसारखा बलाढ्य संघ २०१० मध्ये बंद झाला आणि तो काळ हळूहळू मागे पडला. रेल्वे, पोलीस आणि सैन्यदलांत क्रीडा कोट्यातून अजूनही भरती होते, तेव्हा पदवी अर्धवट सोडू नका आणि वयोमर्यादेवर लक्ष ठेवा. यामुळे तुमच्या खेळावरची निष्ठा कमी ठरत नाही. ज्याच्या घरी पुढच्या महिन्याचा प्रश्न सुटलेला आहे, तो स्ट्रायकर मैदानात अधिक मोकळेपणाने खेळतो हे मी अनेक मुलांच्या बाबतीत पाहिले आहे.

सही करण्यापूर्वी दुसऱ्या क्लबच्या प्रशिक्षकांची भेट घ्या आणि थेट विचारा की संघ कसा खेळतो, चेंडू आघाडीपर्यंत जमिनीवरून येतो की हवेतून, तुमच्या जोडीला कोण असेल, आणि पहिल्या पाच सामन्यांत गोल झाले नाहीत तर काय. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देताना त्यांना विचार करावा लागला तरी चालेल, पण टाळाटाळ दिसली तर सावध व्हा. प्रशिक्षक मोसमाच्या मध्ये बदलले जाऊ शकतात, म्हणून तुम्हाला कोणी मागितले, प्रशिक्षकांनी एकट्याने की क्लबच्या व्यवस्थापनानेही, हे जाणून घ्या. शक्य असेल तर एका वर्षाऐवजी दोन वर्षांचा करार मागा, थोडे पैसे कमी मिळाले तरी. त्या करारात एक कलम लेखी हवेच : खेळताना गुडघ्याचे लिगामेंट फाटले तर शस्त्रक्रियेचा खर्च कोण करणार, आणि त्यानंतर मैदानावर परतायला लागणाऱ्या सहा ते नऊ किंवा अधिक महिन्यांचा पगार चालू राहणार की नाही. तोंडी आश्वासनावर या बाबतीत विसंबू नका, आणि ते कलम घालायला क्लब तयार नसेल तर स्वतःचा अपघात व आरोग्य विमा आधी उतरवा, त्यात खेळातल्या दुखापती येतात की नाही हे वाचून घ्या, आणि मगच सही करा.